माती घुसमटते तेव्हा

सोसायटीच्या मागच्या बाजूला ओल्या कचऱ्याची दोन पिंपं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. दोन्हींत त्याच घरांमधला माल: कोथिंबिरीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा, केळ्याची सालपटं, हारातली सुकलेली फुलं. महिन्याभराने एका पिंपाचं झाकण काढलं तर ओल्या मातीचा वास येतो. दुसऱ्याचं काढलं की वॉचमन नाकाला रुमाल लावून चार पावलं मागे सरकतो. मग सेक्रेटरींकडे तक्रार जाते आणि पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "हे खताचं खूळ आता पुरे."

यात कचऱ्याचा काही दोष नाही. पहिल्या पिंपात प्रत्येक थरावर सुका पाला किंवा लाकडाचा भुसा पडला आणि अधूनमधून कुणी ढवळलं. दुसऱ्यात ओल्यावर ओलं पडत गेलं, पाणी तळाशी साचलं आणि आतली हवा संपली. हवा होती तिथे एका जातीचे सूक्ष्मजीव माजले, हवा संपली तिथे दुसऱ्या जातीचे.

मातीतल्या सूक्ष्मजीवांबद्दल खूप काही सांगता येतं, पण मला विचाराल तर निम्मं कोडं इथेच सुटतं. मातीचे कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत, त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत हवा आहे की पाणी, यावर मातीत कोण राबणार आणि काय बनवणार हे ठरतं. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने सरकतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून सरकतो. म्हणजे पोकळ्या पाण्याने भरल्या की वरून कितीही वारा वाहो, दोन बोटं खालच्या जिवाणूंची घुसमट सुरू झालीच. जून ते सप्टेंबरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या मुंबईत हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं.

हे राबणारे आहेत तरी किती? एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, चांगल्या मातीत जिवाणूंची संख्या अब्जापर्यंत जाते आणि त्यांचे प्रकार हजारोंनी असतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्यांतले शंभरात एखाददुसरेच वाढतात. बाकीच्यांचा पत्ता आता डीएनए तपासून लागतो. त्यांच्या जोडीला बुरशीचे मैलोगणती धागे, आर्किया नावाचे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले जीव, आणि या सगळ्यांवर चरणारे अमीबा नि सूत्रकृमी. चरणाऱ्यांचा उल्लेख बहुतेक लेखांत राहून जातो, हे बरोबर नाही. जिवाणू आपल्या अंगात नत्र, म्हणजे नायट्रोजन, कोंडून बसलेले असतात. अमीबाने त्यांना खाल्लं की त्याच्या गरजेपेक्षा जास्तीचा नत्र बाहेर पडतो, आणि तो मुळांच्या हाती लागतो. मातीत कोणी कोणाला खाल्लंच नाही तर झाड उपाशी राहील.

पहिल्या पिंपातला तो ओल्या मातीचा वास येतो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. ते बनवतात मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू. हे जिवाणू बुरशीसारखे धागे धरतात, म्हणून तयार होत आलेल्या खतावर जी पांढरी राखाडी जाळी दिसते ती पुष्कळदा यांची असते. ती पाहून "बुरशी लागली" म्हणत पिंप ओतून देणारे लोक मी पाहिले आहेत. आपल्या नाकाला हे द्रव्य लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असलं तरी कळतं. ते इतकं दरवळवण्यात जिवाणूंचा काय फायदा, याचं एक उत्तर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दिलं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे टुणटुण उड्या मारणारे पिटुकले जीव असतात. ते या वासावर येतात, जिवाणूंवर ताव मारतात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू दुसरीकडे नेऊन सोडतात. पहिल्या सरीचा जो सुगंध आपण छाती भरून घेतो, तो मुळात यांच्यासाठी आहे.

हवेशीर माती कशी चालते ते बघायला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाइतकी चांगली जागा मुंबईत नाही. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाला सागाच्या पानांचा सडा पडतो. चालताना पापडासारखी कुरकुरणारी ती पानं गणपतीच्या सुमारास शोधावी लागतात. ही सफाई पालिका करत नाही. आधी साखर आणि पिष्ट खाणारे जिवाणू येतात, सोपं सोपं संपवतात. सेल्युलोजचा नंबर नंतर. शेवटी उरतं लिग्निन, लाकडाला लाकूडपण देणारं द्रव्य. ते फोडणं हे जवळजवळ फक्त बुरश्यांनाच नीट जमतं, आणि तेही हवा असेल तरच. एखादं भिजलेलं कुजकं फाटं उचलून बघा. खालच्या अंगाला पांढऱ्या धाग्यांचं जाळं दिसेल आणि लाकूड बोटाने दाबलं तरी चुरेल. छत्रीसारखी उगवणारी अळंबी हे त्या जाळ्याचं फक्त फळ, मूळ कारभार आत चालतो.

याच जंगलातली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. 2016 नंतर ती 2024 मध्ये फुलली. उतारावर मैलभर उभ्या राहिलेल्या वाळक्या काठ्या पाहून वाईट वाटतं खरं, पण बुरश्यांसाठी ती आठ वर्षांची बेगमी असते. कारवीने इतकी वर्षं जमिनीतून ओढून घेतलेलं स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), चुना हे सगळं हळूहळू मोकळं होतं, आणि नेमकं त्याच काळात कारवीची नवी रोपं वर येत असतात. वाळवी तर याहून वस्ताद. तिच्या काही जातींना लाकूड स्वतः नीट पचवता येत नाही. त्या वारुळात बुरशीची चक्क शेती करतात, चावलेलं लाकूड बुरशीला घालतात आणि पचलेला माल स्वतः खातात. पावसाळ्यात वारुळाभोवती उगवणारी जी चविष्ट अळंबी डोंगराकडचे लोक विकायला आणतात, ती या शेतीचीच.

आता नत्राकडे वळू. हवेत 78 टक्के नत्र असून झाडाला त्याचा उपयोग शून्य, कारण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना जखडलेले असतात. तो बंध कारखान्यात तोडायचा तर 400 ते 500 अंश तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. ट्रॉम्बेच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये अमोनिया बनतो तो याच हेबर-बॉश पद्धतीने. रायझोबियम कुळातले जिवाणू हेच काम नेहमीच्या तापमानाला, चवळीच्या मुळाशी बसून करतात. गॅलरीतल्या कुंडीत चवळी लावली असेल तर पाचसहा आठवड्यांनी एक रोप अलगद उपटा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग असेल तर काम चालू आहे, हिरवट किंवा करडी असेल तर थंडावलं आहे.

तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या द्रव्याचा आहे, आणि त्याचं प्रयोजन पुन्हा हवेशी येऊन भिडतं. नत्राचा बंध तोडणारं जे विकर (एन्झाइम) जिवाणूकडे असतं ते ऑक्सिजन लागला की निकामी होतं. पण जिवाणूला स्वतःला जगायला ऑक्सिजन तर हवा. मग हे गुलाबी द्रव्य ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि मोजूनमापून पुरवतं. झाड त्या बदल्यात साखर देतं. फुकट कोणीच राबत नाही.

असाच दुसरा सौदा बुरशीचा. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांत मायकोरायझा नावाची बुरशी घर करून असते. कोबी, मुळा, पालक ही मंडळी अपवाद. बुरशीचे धागे केसाच्या दहाव्या हिश्शाइतके बारीक, त्यामुळे मूळ शिरू शकत नाही अशा फटींतून ते स्फुरद आणून देतात. आपल्याकडे याला विशेष महत्त्व आहे. नर्सरीतून गोणीने येणारी लाल माती लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली असते. त्यांनीच तिला रंग येतो, आणि तीच स्फुरदाला घट्ट धरून बसतात. अशा मातीत स्फुरद असूनही झाडाला मिळत नाही, तेव्हा हे धागे कामाला येतात. ही भागीदारी किती जुनी असावी? स्कॉटलंडमध्ये सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत, ज्या वनस्पतींना अजून धड मुळंही फुटली नव्हती त्यांच्या पेशींत, ही बुरशी सापडली आहे.

इथवर वाचून हवा म्हणजे चांगलं, हवा नाही म्हणजे वाईट असा निष्कर्ष कुणी काढेल. तो चुकीचा ठरवायला ठाण्याची खाडी पुरेशी आहे.

भरती ओसरल्यावर खाडीच्या चिखलात काठी खुपसून बाहेर काढा. वरचा काही मिलिमीटरचा थर तपकिरी, त्याखाली थेट काळा. वास सडक्या अंड्याचा. वरच्या थरातच ऑक्सिजन संपतो. खालच्या जिवाणूंना श्वासासाठी दुसरं काही लागतं, आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. ते ऑक्सिजनच्या जागी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्याची चिखलातल्या लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हार्बर लाइनने वाशीचा पूल ओलांडताना ओहोटीला येणाऱ्या वासात सांडपाण्याचा वाटा मोठा आहेच, पण नुसत्या तिवरांच्या चिखलालाही स्वतःचा वास असतो आणि तो निरोगी असतो. हवा नसल्यामुळे तिवरांची गळलेली पानं आणि मेलेली मुळं इथे फार सावकाश कुजतात, त्यांतला कर्ब, म्हणजे कार्बन, चिखलात वर्षानुवर्षं गाडलेला राहतो.

तिवरांनी या घुसमटीवर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्यांची श्वसनमुळं हवा आत ओढतात आणि थोडी मुळांभोवतीच्या चिखलात झिरपू देतात. त्यामुळे काळ्या चिखलात बारीक मुळाभोवती गंजाच्या रंगाचं कडं दिसतं. खेकड्याच्या बिळाच्या भिंतीलाही तसाच रंग असतो. त्या कड्याच्या एका बाजूला हवेवर जगणारे जिवाणू, दुसऱ्या बाजूला हवेवाचून जगणारे, मध्ये अंतर जेमतेम एका सुईचं. वरच्या चिखलावर उन्हात वाढणारे डायटम नावाचे एकपेशीय शैवाल आणि निळे-हिरवे जिवाणू खायला रोहित पक्षी हजारोंनी येतात. 2015 मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. बातम्यांत फोटो पक्ष्यांचे येतात, ते ठीकच आहे, पण पंगत वाढणारे चिखलातले.

याच खाडीच्या काठावर देवनारचं डंपिंग ग्राउंड आहे, 1927 पासूनचं. तिथेही हवा नाही. पण कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात सल्फेटवाल्या समुद्राच्या पाण्याची ये-जा नसते, म्हणून तिथे शेवटचा कारभार जातो मिथेन बनवणाऱ्या आर्कियांकडे. जानेवारी 2016 मध्ये देवनारला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली, ती आतल्या या वायूमुळेच विझवायला अवघड होती. तीच सालं, तीच देठं: हवेत कुजली तर खत, डोंगरात दबली तर इंधन. एका दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आग्रह पालिकेने 2017 पासून धरला तो यासाठी. तो पाळला जातो किती, हे प्रत्येकाने आपल्या गेटवर उभं राहून बघावं.

खाडीला हवेशिवाय जगता येतं, रस्त्याकडेच्या झाडाला नाही. झाडाची खाणारी-पिणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या एक-दोन फुटांत असतात. फुटपाथ करताना बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, खाली रोलर फिरवून माती ठोकून घट्ट केली की पोकळ्याच उरत नाहीत. पाणी जात नाही, हवा जात नाही, गळलेलं पान झाडूवाला उचलून नेतो, म्हणजे जिवाणूंना खाणंही नाही. मायकोरायझा उपासाने मरते, मुळं आक्रसतात, केबलवाल्यांच्या खोदकामात काही तुटतात, आणि जुलैच्या वाऱ्यात गुलमोहर आडवा होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात "वादळी वाऱ्यामुळे". पालिका अधूनमधून बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायची मोहीम घेते. चांगलंच आहे. पण फोडल्यावर त्या चौकोनात पालापाचोळा, शेणखत काही पडलं नाही तर ती नुसती भोकं राहतात, आणि महिनाभरात त्यांत चहाचे कप.

शिवाजी पार्कची धूळ हाही याच विषयातला प्रश्न आहे, जरी त्याकडे कोणी तसं बघत नाही. जिवंत मातीत जिवाणूंचा चिकट स्राव आणि बुरशीचे धागे कणांना बांधून त्यांचे रवे करतात. रवा वाऱ्याने उडत नाही, पावसाने वाहत नाही. मैदानावर टाकलेल्या लाल मातीत मुळं नाहीत, पाचोळा नाही, वर हजारो पायांची रोजची ये-जा. रवे बनायला काही वावच नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये ती समोरच्या इमारतींच्या खिडक्यांत जाऊन बसते. पाणी मारलं की धूळ दुपारपर्यंत खाली बसते, पण कण बांधले जात नाहीत. गवताच्या मुळांशिवाय याला इलाज नाही, आणि गवत टिकवायचं तर मैदानाचा काही भाग आळीपाळीने बंद ठेवावा लागेल. क्रिकेटवाल्यांना हे कोण सांगणार!

मातीतल्या सगळ्याच जिवांचं गुणगान करण्यात अर्थ नाही. धनुर्वाताचे जिवाणू मातीतच असतात, हवा नसलेल्या खोल जखमेत त्यांचं फावतं. लेप्टोस्पायरा तर मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीचा. उंदराच्या लघवीतून तो पाण्यात उतरतो आणि ओल्या मातीत काही आठवडे तग धरतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोच्या तापाने शहर हादरलं होतं. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चाललात तर डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. ही गोळी ज्या औषधापासून तयार केली गेली, ते ऑक्सिटेट्रासायक्लिन मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूने बनवलेलं. म्हणजे आजार चिखलातून आला, उताराही मातीतलाच.

स्ट्रेप्टोमायसिन तर नावातच मूळ सांगतं. 1943 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते शोधलं, एक नमुना शेतमातीचा, दुसरा कोंबडीच्या घशातला. क्षयाला लागू पडणारं ते पहिलं प्रतिजैविक. 1952 चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समनांना मिळालं. शॅट्झ त्याआधीच कोर्टात गेले होते आणि सहशोधक म्हणून मान्यता मिळवून आले होते. आपल्याकडेही पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळालं, आणि त्या जिवाणूला नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जिवाणू ही विषं बनवतात ती शेजाऱ्याला दूर ठेवायला. आपल्या उपयोगाची ती निघाली, हा आपला फायदा.

आता गॅलरीतल्या कुंड्यांचं. मुंबईत कुंडीतली झाडं उन्हाने कमी आणि पाण्याने जास्त मरतात. नुसती लाल माती भरली तर दोन पावसाळ्यांत ती विटेसारखी दाबून बसते. त्यात एक तृतीयांश पक्कं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि थोडा नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, मिसळला की पोकळ्या टिकतात. कोकोपीटचा उपयोग पोत सुधारण्यापुरता, त्यात जिवाणूंना खाण्याजोगं फारसं नसतं. कुंडीखालच्या बशीत पावसाचं पाणी साठू देऊ नका. पाणी साचलेल्या मातीत काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायूरूपात उडवून लावतात, शिवाय त्यातला काही नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, जो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट वरचढ आहे. म्हणूनच भर पावसात पानं पिवळी पडतात. मग लोक घाबरून युरिया टाकतात, तोही वाहून नाही तर उडून जातो.

ऑनलाइन मिळणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कडधान्याच्या बियाण्याला रायझोबियम चोळणं याला शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचा अनुभव आणि प्रयोगांचा आधार आहे, ते जरूर करावं. पण कुंडीत खायला कर्ब नाही, श्वासाला हवा नाही, तिथे अब्जावधी जिवाणू ओतले तरी ते आठवड्यात संपतात. जीवामृत या घरी बनवायच्या पातळ खतात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाबरोबर झाडाखालची मूठभर माती घालतात. त्यातली ती मूठ मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण ते जिवाणू इथल्या हवापाण्याला सरावलेले असतात. जुन्या, तब्येतीने वाढलेल्या कुंडीतली ओंजळभर माती नव्या कुंडीत मिसळली तरी तेच साधतं, आणि पैसे लागत नाहीत.

पिंपाचं गणितही सोपं आहे. जिवाणूंना एक भाग नत्रामागे पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. भाजीच्या देठासालींत तो पंधरा-वीसच्या आसपास असतो, सुक्या पानांत पन्नास-साठ, लाकडाच्या भुशात काही शे. म्हणून एक डबा ओल्या कचऱ्यावर निदान तेवढाच सुका पाला, भुसा वापरलात तर थोडा कमी. पिंपातला माल मुठीत घेऊन दाबला तर पाण्याचे एकदोन थेंबच पडले पाहिजेत, धार लागली तर पाला वाढवा. पालिकेची माणसं जानेवारी-फेब्रुवारीत झाडांखालचा पाचोळा गोणीत भरून नेतात. त्यांतल्या दोन-चार गोण्या मागून घेऊन कोरड्या जागी ठेवल्या तर पावसाळाभर पिंपाची सोय होते. उरलेला पाला कुंड्यांवर दोन बोटं जाडीने पसरा, ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत.